मध्यंतरातला सत्कार

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाच लाथ मारली आहे आणि तेव्हा चेंडूपेक्षा माझी चप्पल लांब गेली. तरीही धारूरच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा की ऑफसाइड म्हणजे काय, तो माणूस सरळ माझ्या घराकडे बोट दाखवील. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याची चौकशी मी कधी केली नाही. चौकशी केली की माहिती मिळते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

नोकरी म्हणजे सरकारी कारकुनी. दिवसभर माणसं टेबलासमोर येऊन उभी राहतात आणि म्हणतात, "मॅडम, काहीतरी मार्ग काढा." मी म्हणते, "नियमात बसत नाही." या एका वाक्यामुळे मी कुणाची फारशी लाडकी नाही. माझा नवरा तर सांगत फिरतो की लग्नात अंतरपाट नियमाप्रमाणे धरलाय का नाही तेच मी बघत होते. हे साफ खोटं आहे. अंतरपाट एका बाजूने खाली आला होता, एवढंच मी म्हणाले होते.

घरी जायची माझी वाट हायस्कूलच्या मैदानावरून जाते. मैदान म्हणजे डोंगराच्या अंगाला असलेलं उताराचं रान. खालच्या गोलकडे चेंडू आपण होऊन जातो आणि वरच्या गोलकडे त्याला मिनतवाऱ्या करून न्यावं लागतं. पूर्वी तिथे कबड्डी आणि खो-खोच चालायचं. मग कोल्हापूरकडचे एक क्रीडाशिक्षक नोकरीला आले आणि येताना दोन फुटबॉल आणि एक खूळ घेऊन आले. मुलींचा संघ काढायचा. गाव हसलं. सरांनी गावाकडे लक्ष दिलं नाही, कारण तिकडच्या माणसाला फुटबॉल दिसला की गाव दिसत नाही.

एके दिवशी मी ऑफिसातून येत होते आणि चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. मुली ओरडल्या, "काकू, मारा!" चपलेचा प्रकार तो तेव्हाचा. चप्पल आणून दिली ती गोलकीपर पोरीने. ती आमच्याच गल्लीतली, टोकाच्या घरातली. कडेवर धाकटा भाऊ, दोन वर्षांचा. सरावाच्या वेळीही तो तिच्या कडेवरच असायचा. सर शिट्टी वाजवायचे, ती भावाला गोलच्या खांबाशी बसवायची, चेंडू अडवायची आणि पुन्हा त्याला उचलून घ्यायची. कधी कधी बसवायला वेळ मिळायचा नाही, तेव्हा एकाच हाताने अडवायची. त्या दिवशी मी घरी अर्धा तास उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी एक तास.

मैदानासमोर चहाचं हॉटेल आहे. तिथे आमची चौघांची बैठक जमू लागली. हॉटेलवाला, माझा नवरा, त्या पोरीचा बाप आणि मी. बाईमाणूस हॉटेलच्या बाकड्यावर बसून बशीने चहा पितं, याची सुरुवातीला बरीच चर्चा झाली. मग लोकांच्या लक्षात आलं की ही बाई भांडते फक्त फुटबॉलवर, आणि चर्चा थांबली.

नवऱ्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे. तरुणपणी तो कबड्डी खेळायचा, त्यामुळे जगातला प्रत्येक खेळ म्हणजे बिघडलेली कबड्डी, असं त्याचं ठाम मत. ऑफसाइड त्याच्या गळी उतरायला एक अख्खा पावसाळा गेला. मी मोबाइलवर नियम वाचून दाखवायची, सरांनी मैदानात दोरी धरून दाखवलं, पण तो म्हणायचा, "पुढं जाऊन उभा राहिला तर बिघडलं काय? हुशार हाय गडी."

शेवटी हॉटेलवाल्याने सांगितलं. "हे बघा, एसटी यायच्या आधीच जो गडी पुढं जाऊन दाराच्या जागी उभा राहतो आन् गाडी आल्या आल्या खिडकीतून रुमाल टाकतो, तो ऑफसाइड. गाडी आल्यावर गर्दीतून पळत जाऊन जागा धरतो, तो बरुबर."

नवऱ्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "म्हंजी मी जल्मभर ऑफसाइडच हाय की."

पोरीचा बाप नवऱ्याच्याही वरताण. वयाने माझ्या धाकट्या दिराएवढा. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचे. बाकीचे महिने गावात मिळेल ते काम. त्याने फुटबॉलचे सगळे नियम शिकायला साफ नकार दिला. "माझी पोरगी गोलात उभी राहती," तो म्हणायचा, "मला गोलातलं सांगा. बाकीचं ज्याचं त्यानं बघावं." गोलातलं मात्र त्याला माझ्यापेक्षा बारीक पाठ. चेंडू हातात किती वेळ धरायचा, आपल्याच गड्याने पायाने दिलेला हातात घ्यायचा का नाही, पेनल्टीच्या वेळी रेषा कधी सोडायची. ऐन सामन्यात रेषेच्या बाहेरून पंचांना सूचना द्यायचा आणि पंच बघायला लागले की पाठमोरा होऊन डोंगर न्याहाळायचा.

हाताला चेंडू लागला की चेंडूला हात लागला, या एका प्रश्नावर आम्ही जेवढा चहा प्यालो, तेवढ्यात हॉटेलवाल्याने नवा फ्रीज घेतला असावा. बाप म्हणायचा, "हात काय काढून ठेवावा का माणसानं?" मी म्हणायची, "काढून ठेवू नये, जागेवर ठेवावा." नवरा म्हणायचा, "कबड्डीत हात लागला तरच पॉइंट." मग त्याला दोघं मिळून गप्प करायचो. या वादांनी गावाचं काही भलं झालं नाही, पण मला संध्याकाळ कधी होते असं व्हायला लागलं.

दसऱ्याच्या आसपास गावात मुकादम फिरू लागले. मुकादम म्हणजे टोळ्या जमवून कारखान्यांकडे नेणारा माणूस. तो आला की गल्लीत कुणी किती महिने असणार हे ठरायला लागतं. त्या पोरीला आधीची दोन वर्षं चुलतीकडे ठेवलं होतं. या वर्षी मात्र बाप म्हणाला, "औंदा तिला न्यावं लागतंय. लेकरू लहान हाय. आमी दोघं उसाच्या फडात, त्याला बघणार कोण?"

पोरगी नववीत होती. आणि संघ नुकताच तालुक्यात पहिला आला होता. जिल्ह्याच्या स्पर्धा समोर होत्या.

मी भांडले. नियम सांगितले, शाळेचं सांगितलं, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. त्याच्या बायकोने मधेच विचारलं, "वैनी, फडात लेकराच्या अंगावर ट्रॅक्टर आला तर तुमचा नियम आडवा येतो का?" मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. गेल्याच हंगामात त्यांच्या टोळीत असलं काहीतरी होता होता वाचलं होतं.

पण बाप पडला फुटबॉलवाला. दोन दिवसांनी हॉटेलात येऊन त्याने स्वतःच निकाल सांगितला. "वैनी, ज्या दिशी टीम हरल त्या दिशी पोरगी माझी. तवर तुमची. लेकराचं आमी तवर कसंबी भागवतो."

"जिंकत राहिली तर?"

"तर ऱ्हाईना हितं. चुलती हाय, तुमी हाव. पर हरली की दुसऱ्या दिशी गाडीत. मग कावून न् कसं न्हाई."

"ठरलं," मी म्हणाले. हॉटेलवाल्याने साक्षीदार म्हणून चौघांना चहा दिला आणि पैसे मात्र घेतले.

त्यानंतर मी ज्या पद्धतीने सामने पाहिले, त्याला पाहणं म्हणत नाहीत. पहिल्या सामन्यात माझी ओढणी दातात धरून फाटली. दुसऱ्यात मी डोळे मिटूनच बसले होते आणि नवरा कानात धावतं वर्णन सांगत होता, तेही कबड्डीच्या भाषेत, त्यामुळे आपण जिंकलो हे मला शेवटी ढोल वाजल्यावर कळलं. पोरगी मात्र शांत. गोलात उभी राहायची, चेंडू आला की उचलायची, नाही आला की वेणी सारखी करायची. बाहेर तिचा भाऊ चुलतीच्या मांडीवर बसून तिच्याकडे हात करून रडायचा.

अशा रीतीने आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला पोचलो आणि तो सामना आमच्याच मैदानावर ठरला. समोर पाटोद्याकडच्या एका शाळेचा संघ. सामना दुपारचा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचा ट्रक निघणार, हेही त्याच आठवड्यात ठरलं.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. बारसं असो की बोअरचं पाणी लागलेलं असो, शाल, नारळ आणि फेटा यांच्याशिवाय ते घडलं असं कुणी मानत नाही. फुटबॉलमध्ये सत्काराची तरतूद नाही, हे सरांना माहीत होतं. संयोजन समितीला माहीत नव्हतं. पाहुणे वेळेवर आले असते तर सत्कार आधीच उरकले असते. पण वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? सामना चालू करावा लागला आणि समितीने ठरवलं की सत्कार मध्यंतरात घेऊ.

पहिल्या डावात आमच्या मुली उताराच्या बाजूने खेळत होत्या, तरी गोल झाला नाही. उलट समोरच्या पोरींनी चढावर चेंडू आणून आमच्यावर एक गोल केला. आमच्या गोलकीपरचा दोष नव्हता. चेंडू आमच्याच एका मुलीच्या गुडघ्याला लागून वळला. बाप माझ्या शेजारी उभा होता. त्याने खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत ठेवली.

मध्यंतराची शिट्टी वाजली आणि मैदानाच्या मधोमध खुर्च्या यायला लागल्या. मग टेबल. मग टेबलावर चादर. मग माइक. पाहुणे बसले, दीप लावायचा तर वारा सुटलेला, तो काही केल्या पेटेना. एकाने टोपी आडवी धरली, दुसऱ्याने पाठ केली. शेवटी पेटला असं समजून टाळ्या वाजवल्या.

सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचे झाले, सरांचे झाले. पंचांना फेटा बांधला. ते तरुण होते, परजिल्ह्यातून आले होते, त्यांना नाही म्हणता येईना. घड्याळाकडे बघत फेटा बांधून घेतला. समोरच्या संघाबरोबर आलेल्या शिक्षकांचाही सत्कार झाला, कारण ते पाहुणे. मग कुणीतरी म्हणालं की ज्याने मैदानावर मुरूम टाकून दिला त्याचा राहिलाच. तो गर्दीत सापडेना. त्याला मोटरसायकल पाठवून घरून आणला.

माझं डोकं फिरलं. मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असू नये, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. मुली गार पडल्या होत्या, गवतावर बसून शेंगा खात होत्या. मी मोबाइलवर नियम उघडला आणि तरातरा मैदानाच्या मधोमध गेले. नवरा मागून ओरडला, "अवो, जाऊ नका, फेटा बांधतेल." मी थांबले नाही.

माइकवाल्याने मला येताना पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आणि आता," तो म्हणाला, "आपल्या गावातल्या ज्येष्ठ क्रीडाप्रेमी, ज्यांना फुटबॉलचा नियम न् नियम तोंडपाठ आहे, त्या मॅडमना मी विनंती करतो." मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात नारळ होता आणि खांद्यावर शाल होती. फोटोसाठी दोनदा उभं केलं, कारण पहिल्यात पाहुण्यांचे डोळे मिटले होते. मग 'दोन शब्द बोला' म्हणाले. मी माइक घेतला आणि मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त असू नये या विषयावर बोलले. किती वेळ बोलले ते मी सांगणार नाही. नवरा सांगतो, पण तो वाढवून सांगतो. 'ज्येष्ठ' हा शब्द मला लागला होता, हेही त्याला कारण असावं.

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा ऊन डोंगरावर चढलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस, आमच्याकडे सूर्य टेकडीआड गेला की अंधार पडायला वेळ लागत नाही. पंचांनी फेटा काढून रेषेवरच्या सहायकाकडे दिला आणि शिट्टी वाजवली. आता आमच्या मुलींना चढाकडे खेळायचं होतं आणि समोरच्यांना उतार. चेंडू आमच्या गोलकडे नुसता घरंगळत येत होता. पोरगी अडवत होती. एकदा पोटाने, एकदा मांडीने, एकदा बहुतेक डोळे मिटून. बाप आता डोंगर न्याहाळत नव्हता. रेषेबाहेर उकिडवा बसला होता आणि प्रत्येक चेंडूला त्याचे हात तिच्या हातांबरोबर हलत होते.

मग दिसेनासं झालं. चेंडू पांढरा असूनही हरवायला लागला. एक मुलगी चेंडू समजून चुन्याच्या ढेकळाला लाथ मारून मोकळी झाली. पंचांनी दोन्ही बाजूंना जाऊन पाहिलं, सहायकाशी बोलले, संयोजकांशी बोलले आणि लांब शिट्टी वाजवली. सामना अर्धवट थांबवला होता. पुढच्या आठवड्यात बीडला तो नव्याने, पहिल्यापासून खेळवायचा.

मग काय, पंचायत बसली. समोरचे शिक्षक म्हणाले, आमचा एक गोल आहे, आम्हीच जिंकलो. आमचे लोक म्हणाले, अर्धी भाकरी खाल्ली म्हणजे जेवण झालं का? नवरा म्हणाला की कबड्डीत लाइट गेली तर, आणि त्याचं वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही. पंच शांतपणे सांगत राहिले की संयोजकांनी वेगळं काही ठरवलेलं नसेल तर अर्धवट सामना पुन्हा खेळवतात. नियम बरोबर होता. मी शाल सांभाळत तीनदा म्हणाले, बरोबर आहे.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मध्यंतर नियमाप्रमाणे झालं असतं, तर उजेडात सामना संपला असता आणि एका गोलने आम्ही हरलो असतो. ज्या सत्कारांना मी शिव्या घातल्या, त्यांनीच आम्हाला वाचवलं होतं, आणि त्यात माझ्या भाषणाचाही वाटा होता. एवढा आनंद आणि एवढी लाज मला एकदम कधी वाटली नव्हती.

बाप मात्र बाकीचे पांगल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "वैनी, एक गोल खाल्लाय. हरलोच की आपण."

"सामना संपलाच नाही," मी म्हणाले. "संपला नाही तर हरणार कसं?"

"पर जिंकलो बी न्हाई."

"तुमचं बोलणं काय होतं? हरल त्या दिवशी. जिंकायचं नाव तुम्ही घेतलं नव्हतं."

त्याला माझा भरवसा वाटला नसावा. तो थेट पंचांकडे गेला. ते बूट सोडत बसले होते. "सायेब," त्याने विचारलं, "आमी हरलो का?"

"नाही," पंच म्हणाले.

"जिंकलो?"

"तेही नाही. निकालच नाही."

"म्हंजी आज पोरगी कुणाची?"

पंचांना यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं गोलकीपरबद्दल विचारतोय. "चांगली आहे हो पोरगी," ते म्हणाले. "तिला खेळू द्या."

बाप परत आला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. "नियम तो नियम," तो म्हणाला. "निकाल लागस्तोवर तुमची. पर निकाल लागला की फोन करायचा. हरली आसल तर मुकादमाची दुसरी गाडी निघंल, तिच्यात बसवायचं. खोटं सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

पहाटे ट्रक निघाला. भांडीकुंडी, गोधड्या, माणसं, सगळं एकावर एक. तिची आई मांडीवर लेकराला घेऊन फळीला टेकून बसली होती. लेकरू बहिणीकडे हात करून ओरडत होतं आणि ती खाली उभी राहून त्याला काहीतरी सांगत होती, ते ट्रकच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आई मला एवढंच म्हणाली, "वैनी, तेवढं जिंकून टाका."

आम्ही जिंकलो नाही. बीडचं मैदान सपाट होतं, पाहुणे नव्हते, मध्यंतर नियमाप्रमाणे झालं. मी त्यासाठी किरकोळ रजा टाकली होती आणि सगळं इतकं शिस्तीत चाललेलं पाहून मला रडू यायला लागलं. बरोबरी झाली, मग पेनल्टी. आमच्या पोरीने दोन अडवल्या. आमच्या मुलींनी तीन बाहेर मारल्या. संपलं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मांजरसुंबा येईपर्यंत वेणी सोडून पुन्हा घालत होती. मग म्हणाली, "काकू, मी गाडीत बसायला पायजे ना आता?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. दिवसभर लोकांना 'नियमात बसत नाही' म्हणणारी बाई मी, मला एवढ्याशा प्रश्नाला हो म्हणता येईना.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आज करू नका फोन. उद्या करा. न्हाईतर विसरले म्हणा. सरकारी माणसानं विसरलं तर कुणाला नवल वाटत न्हाई."

"शब्द दिलाय मी."

"तुमचा शब्द बरुबर हाय, पर पोरीचं बघा की."

तेवढ्यात ती स्वतःच दारात आली. अंगावर अजून संघाची जर्सी, खांद्याला पिशवी. कपडे भरून आणले होते. "करा काकू फोन," ती म्हणाली. "पप्पा वाट बघत बसले असतेल."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हां वैनी, बोला."

आवाज खणखणीत होता. मागे बायकांचं बोलणं चाललेलं, भांड्यांचा आवाज आणि लेकरू रडत होतं. सगळं शेजारच्या खोलीत असल्यासारखं ऐकू येत होतं.

"सामना झाला," मी म्हणाले. "पेनल्टीवर गेलो. हरलो आपण."

"काय म्हणलात?" तो म्हणाला.

"हरलो. पेनल्टीवर."

"ऐकू येईना, वैनी. हितं रेंज न्हाई."

मला वाटलं खरंच गेली असेल. मी मोठ्याने सांगितलं, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिकडे ते लेकरू हुंदके देत होतं, ते मला इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की त्याला जाऊन उचलून घ्यावं असं वाटलं.

"कायबी समजंना," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. पाडव्याला आलो की तोंडावर सांगा निकाल. तवर तुमची पोरगी."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. त्यानेही ठेवला नाही. मग हळूच विचारलं त्याने.

"अडवल्या का तिनं?"

"दोन," मी म्हणाले. इतकं हळू की नवऱ्यालाही ते ऐकू गेलं नसेल.

तिकडे तो बायकोला सांगायला लागला, "दोन अडवल्या म्हनं तिनं. दोन." आणि फोन कट झाला.